तीन अँगस्ट्रॉम, पण कुठल्या बाजूने?

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या शोधनिबंधात थाप कुठे शोधावी, असं कुणी विचारलं तर मी त्याला शेवटच्या पानापर्यंत पाठवणार नाही. ती सारांशातच बसलेली असते. 'आम्ही या प्रथिनाची रचना ३.० अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनला सोडवली.' (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक.) या वाक्यातला एकही शब्द खोटा नसतो. गणित बरोबर असतं, सॉफ्टवेअर नावाजलेलं असतं, आलेख नियमाप्रमाणे काढलेला असतो. आणि तरीही अनेकदा त्या नकाशात आडव्या दिशेने तीन अँगस्ट्रॉमचा तपशील असतो, उभ्या दिशेने मात्र सहाचाही धड नसतो. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं, तपासणाऱ्याने मनावर घेतलं तर त्याला कळू शकतं, आणि छापणाऱ्याला ते कळून घ्यायचंच नसतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तीन मिलिमीटरची तांब्याची जाळीदार चकती असते, तिला आम्ही ग्रिड म्हणतो. तिच्यावर कार्बनचा पापुद्रा आणि त्याला जेमतेम मायक्रॉनभर रुंदीची भोकं. त्यावर प्रथिनाच्या द्रावाचा थेंब सोडायचा, टिपकागदाने टिपून घ्यायचा आणि उरलेला पातळ पडदा क्षणार्धात द्रवरूप इथेनमध्ये बुडवायचा. पाण्याला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं गोठतं. त्यात अडकलेल्या लाखो रेणूंचे इलेक्ट्रॉनच्या झोतात फोटो काढायचे. प्रत्येक फोटो म्हणजे रेणूची एका दिशेने पडलेली सावली. या सावल्यांवरून मूळ आकार, म्हणजे आमच्या भाषेत नकाशा, परत उभा करायचा, एवढाच सगळा खेळ. तो उभा करणाऱ्या झाक दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सावल्यांवरून आकार कसा काढायचा हे डेव्हिड डिरोझिएर आणि आरन क्लुग यांनी १९६८ मध्येच दाखवलं. एका सावलीचं फूरिये रूपांतर म्हणजे मूळ वस्तूच्या त्रिमित फूरिये रूपांतराचा केंद्रातून जाणारा एक सपाट काप. वेगवेगळ्या दिशांच्या सावल्या मिळाल्या की वेगवेगळ्या कलांचे काप मिळतात आणि ती सगळी जागा भरत जाते. आपले गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये हेच काम फूरिये रूपांतराला बगल देऊन कसं करता येईल ते मांडलं, आणि त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात क्ष-किरण चित्रांबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांचाही उल्लेख होता. पण रीत कुठलीही घ्या, अट तीच राहते. ज्या दिशेचा काप नाही, त्या दिशेची माहिती नाही.

आता गोम अशी की रेणू आपल्या सोयीने कोलांट्या मारत नाहीत. तो पातळ पडदा दोन्ही बाजूंनी हवेला भिडलेला असतो. प्रथिनाच्या पृष्ठभागाचा जो भाग पाण्याला कंटाळलेला असतो तो हवेकडे धाव घेतो आणि रेणू तिथे चिकटतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. न्यूयॉर्कच्या एका गटाने २०१८ मध्ये अनेक ग्रिडची टोमोग्राफी करून, म्हणजे ग्रिड कलवत कलवत तिचं त्रिमित चित्र काढून, दाखवलं की बहुतेक नमुन्यांतले बहुतेक कण याच सीमेला जाऊन चिकटलेले असतात. सगळे एकाच पाठीवर झोपले, की लाखो फोटो काढले तरी दृश्य एकच. कण वाढवून ही अडचण सुटत नाही. डोकं दुखत असताना पायाला बाम चोळण्यातलाच तो प्रकार, फक्त तो बाम फार महागडा असतो.

मग अशा नकाशाला ३.० हा आकडा मिळतो कसा?

रिझोल्यूशन मोजायची रूढ पद्धत म्हणजे फूरिये शेल कोरिलेशन, एफएससी. जॉर्ज हॅराउझ आणि मारिन फान हील यांनी ती १९८६ मध्ये मांडली. कणांचे दोन ढीग करायचे, प्रत्येक ढिगातून स्वतंत्र नकाशा (हाफ मॅप) काढायचा, आणि फूरिये अवकाशात एकेका त्रिज्येच्या कवचावर दोन्ही नकाशे किती जुळतात ते बघायचं. त्रिज्या वाढेल तशी जुळणी घसरते. ती जिथे ०.१४३ च्या खाली जाते तो आपला आकडा. हा उंबरठा पीटर रोझेंथल आणि हेंडरसन यांनी २००३ मध्ये सुचवला. त्यावर मारामाऱ्या झाल्या, अजून होतात. मला त्या वादात रस नाही. माझा राग 'कवचावर' या शब्दावर आहे. कवच म्हणजे सगळ्या दिशा एकत्र. सगळ्या दिशांची बेरीज करून एक आकडा काढला, की दिशा नावाची गोष्टच हिशेबातून उडून जाते. कोकणात धो धो कोसळला, आटपाडीत टँकर चालू आहेत, आणि मंत्रालयाच्या कागदावर राज्यात सरासरीइतका पाऊस. हा कागद बघून आटपाडीतल्या माणसाला जे वाटतं, तेच मला एफएससीचा एकुलता एक वक्र बघून वाटतं.

आकडे घालून बघा. समजा प्रत्येक रेणू डोक्याकडूनच दिसतोय. सगळे काप एकाच आडव्या प्रतलात पडतात आणि वर-खाली सगळं रिकामं. मग तुम्ही ग्रिड ४० अंशांनी कलता करून फोटो काढले. काप कलले, जागा भरली, पण उभ्या अक्षाभोवती ५० अंश अर्धकोनाचा एक शंकू वर आणि एक खाली तरीही रिकामाच राहतो. कवचाचा तो जवळपास ३६ टक्के भाग होतो. आता या रिकाम्या भागात दोन्ही हाफ मॅपमध्ये नुसता गोंगाट आहे असं धरा, तेही बाकीच्या भागाइतक्याच जोराचा. जिथे माहिती आहे तिथली जुळणी ०.५ असेल तर सगळ्या कवचाची जुळणी ०.३२ येईल. उंबरठा ०.१४३. पास! आणि प्रत्यक्षात गोष्ट याहून वाईट असते. आजची प्रणाली जिथे माहिती नाही तिथले आकडे दाबून शून्याजवळ नेते. शून्य ना अंशात भर घालतं, ना छेदात. म्हणजे ज्या दिशेचं काहीच ठाऊक नाही, ती दिशा मोजमापात भागच घेत नाही. एक तृतीयांश कवच गायब आणि वक्र आपला ऐटीत झुकत झुकत खाली येतोय.

हे दुखणं कुणाला कळलं नाही असं नाही. कवचाऐवजी शंकूतल्या शंकूत जुळणी मोजायची कल्पना टोमोग्राफीवाल्यांनी २०१५ मध्ये वापरली. सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या दिमित्री ल्युमकिस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इन्फ्लुएंझाच्या हिमॅग्लुटिनिनवर ती चालवून दाखवली. हे प्रथिन म्हणजे हटवादी बाळ, डोक्याशिवाय दुसरं काही दाखवतच नाही. ग्रिड ४० अंश कलती करून त्यांनी ४.२ अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला आणि सोबत दिशेगणिक रिझोल्यूशन मोजणारं थ्रीडीएफएससी हे हत्यार दिलं. त्याच वर्षी केंब्रिजच्या कात्या नायडेनोवा आणि क्रिस रूसो यांनी कणांच्या दिशांच्या वाटपावरून कार्यक्षमता काढायची रीत दिली. पुढे फिलिप बाल्डविन आणि ल्युमकिस यांचा सॅम्पलिंगचा निर्देशांक आला, क्रायोस्पार्क या सॉफ्टवेअरमध्ये सीफार हा निर्देशांक आला, २०२३ मध्ये विलास आणि टागारे यांनी फूरिये शेल ऑक्युपन्सी आणली. हत्यारांचा दुष्काळ नाही. फुकट आहेत, मिनिटांत चालतात.

आणि इथेच आमच्या मंडळींनी घात केला. एका आकड्याने फसवलं म्हणून दिशा मोजायला निघाले, आणि दिशा मोजून झाल्यावर त्यांचा पुन्हा एकच आकडा केला!

थ्रीडीएफएससीचा मूळ निकाल म्हणजे अवकाशातला एक आकार. कुठल्या दिशेने रिझोल्यूशन किती लांब पोचलं ते तो दाखवतो. सगळीकडे सारखं असेल तर गोळा, नसेल तर चपटा किंवा लांबुळका. हा आकार छापा ना! नाही. त्याची 'स्फेरिसिटी' काढायची आणि तेवढीच छापायची. स्फेरिसिटी म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या गोलाचं पृष्ठफळ भागिले या आकाराचं पृष्ठफळ. आता कागद-पेन्सिल घ्या. आडव्या दोन्ही दिशांना ३ अँगस्ट्रॉम आणि उभ्या दिशेला ६, असा नकाशा समजा. फूरिये अवकाशात तो उभ्या अक्षावर निम्मा दबलेला चपटा गोळा झाला. त्याची स्फेरिसिटी किती? ०.९१. एका दिशेने नकाशा निम्म्यावर आलाय आणि गुणपत्रिकेवर एक्क्याण्णव टक्के. बोर्डात आले असते तर पेढे वाटले असते.

उलट बाजू बघा. एक लांबट प्रथिन, जे फक्त आडवं पडतं, पण आपल्या अक्षाभोवती सगळीकडे फिरलेलं सापडतं. दिशांचा आलेख काढला तर भयंकर दिसतो, एक गडद पट्टा आणि बाकी ओसाड. कोवळा रिव्ह्यूअर हा आलेख बघून किंचाळतो. पण या प्रत्येक दृश्याचा काप उभ्या अक्षातून जातो, आणि हे काप अक्षाभोवती फिरवले की सगळी फूरिये जागा भरते. एकही भोक उरत नाही. बाल्डविन-ल्युमकिस यांच्या निर्देशांकावर या वाटपाला ८ भागिले पायचा वर्ग, म्हणजे ०.८१ मिळतात. सगळ्या दिशा अगदी सारख्या असत्या तर १ मिळाला असता.

तर हिशेब असा. भोक नसलेल्या नकाशाला ०.८१ आणि निम्म्याने दबलेल्याला ०.९१. 'हे दोन वेगळे निर्देशांक आहेत, त्यांची तुलना करू नये,' असं कुणीतरी म्हणेल. अगदी बरोबर. मग शोधनिबंधाच्या तक्त्यात 'दिशेची गुणवत्ता' अशा रकान्यात यांतला जो मोठा दिसेल तो का भरता? मी बघतोय ते हेच. जो निर्देशांक चांगला आला तो छापायचा, बाकीचे चालवलेच नव्हते असं दाखवायचं.

एका नियतकालिकाने मध्यंतरी माझ्याकडे एक हस्तलिखित तपासायला धाडलं. पटलप्रथिन, त्याच्या कप्प्यात औषधाचा रेणू, आणि तो कुठल्या अमिनो आम्लाला कसा धरून बसलाय यावर अख्खं प्रकरण. चित्रं देखणी. सगळी एकाच बाजूने काढलेली. मी नकाशा उघडला आणि ९० अंश फिरवला. समोरून जिथे टायरोसीनचं कडं दिसत होतं, तिथे बाजूने उभी ओढलेली एक रेघ होती. बीटा पत्र्यातल्या दोन शेजारच्या धाग्यांत ४.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास अंतर असतं, ते धागे एकमेकांत विरघळून सलग फळी झाली होती. औषधाचा रेणू म्हणून दाखवलेला ढग त्याच उभ्या दिशेने ताणलेला, आणि त्यात रेणू सरळ बसवा की उलटा, दोन्ही तितकेच बसत होते. मी लिहिलं की दिशेगणिक रिझोल्यूशन द्या. उत्तर आलं, स्फेरिसिटी नव्वदीच्या घरात आहे, सबब नकाशा सगळ्या दिशांना सारखा आहे. संपादकांनी समाधान व्यक्त केलं. निबंध छापून आला, तीच चित्रं, त्याच बाजूने.

नकाशात बसवलेल्या अणूंच्या मॉडेलचा रामचंद्रन आलेख स्वच्छ आहे, असाही एक बचाव असतो. साखळीचे कोन रसायनशास्त्राला मान्य आहेत की नाहीत हे हा आलेख सांगतो. पण मॉडेल घडवणाऱ्या प्रणालीला ते कोन पाळायचं बंधन आधीच घालता येतं. बंधन घालून बसवलेलं मॉडेल बंधन पाळतं याचं कौतुक किती करायचं? नकाशा कितीही पोकळ असो, आलेख स्वच्छच येणार.

दोन्ही जातींच्या निर्देशांकांना आपापली आंधळी बाजू आहे आणि तीही कुणी सांगत नाही. कणांच्या दिशा मोजणारे निर्देशांक सॉफ्टवेअरने प्रत्येक कणाला जी दिशा चिकटवली ती खरी धरून चालतात. कचरा कण, बर्फाचे ढेकूळ, फुटके रेणू यांनाही कुठली तरी दिशा मिळतेच, आणि हे लेकाचे नेमके दुर्मिळ दिशांत जाऊन बसतात. वाटप छान एकसारखं दिसायला लागतं. कचरा जितका जास्त तितका निर्देशांक देखणा! हाफ मॅपवरून मोजणारे निर्देशांक दोन ढीग खरोखर स्वतंत्र आहेत असं मानतात. दोन्ही ढिगांना एकाच पूर्वग्रहाने दिशा दिल्या असतील तर दोघेही सारखेच चुकतात आणि जुळतात. निव्वळ गोंगाटाच्या चित्रांना आइनस्टाइनच्या फोटोशी जुळवून त्यांची सरासरी काढली तर आइनस्टाइनच बाहेर येतो, याची आठवण हेंडरसन यांनी २०१३ मध्ये सगळ्यांना जाहीरपणे करून दिली होती. म्हणून दोन्ही जाती एकत्र वाचायच्या असतात. एक सांगते माहिती कुठे गोळा केली, दुसरी सांगते ती खरंच हाताला लागली का. एकीवर भागत नाही.

अलीकडे नवं खूळ आलंय, न्यूरल नेटवर्कने रिकामा शंकू भरून काढायचं. ताणलेला नकाशा घालायचा, सुबक गोलसर नकाशा बाहेर. काही ठिकाणी कणांच्या दिशा सुधारायला याचा खरा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण ज्या दिशेची सावलीच पडली नाही तिथे जाळ्याने जे भरलं ते इतर प्रथिनं कशी दिसतात याच्या सवयीतून भरलं. ते अनुमान आहे, मोजमाप नव्हे. आणि भरलेल्या दोन हाफ मॅपची पुन्हा एफएससी काढून 'बघा, आता सगळ्या दिशांना सारखं' म्हणणारे भेटले, तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. तुम्ही जाळ्याची सवय मोजलीत, महाराज. ती दोन्हीकडे सारखी असणारच.

स्फटिकवाल्यांकडे बघा. क्ष-किरणांचं विवर्तन काही स्फटिकांत एका दिशेने कमी पोचतं, हे त्यांनी कधीचंच कबूल केलंय. २००६ पासून त्यासाठी सार्वजनिक सर्व्हर आहे, पुढे स्टारअ‍ॅनिसो हे सॉफ्टवेअर आलं, आणि सभ्य स्फटिकशास्त्रज्ञ तिन्ही अक्षांवरच्या मर्यादा वेगवेगळ्या लिहितो. त्याच्या निबंधाची किंमत त्यामुळे कमी झाली नाही. आम्हाला मात्र वाटतं, तीन आकडे लिहिले तर कुणाला तरी सर्वांत वाईट आकडा दिसेल. दिसू दे की! त्यासाठीच लिहायचा.

क्रायो-ईएमच्या नकाशांचं सार्वजनिक भांडार असलेल्या ईएमडीबीने २०२२ पासून हाफ मॅप जमा करणं सक्तीचं केलं, हे चांगलं झालं. म्हणजे आता कुणीही घरबसल्या तपासू शकतो. तपासतं कोण, हा वेगळा मुद्दा. प्रथिनाची फाइल उतरवून तिच्यावर औषधं बसवून बघणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला फाइलीच्या माथ्यावर एकच रिझोल्यूशन दिसतं. तो नकाशा उघडतच नाही. त्याने का उघडावा? त्याला सांगितलंय की तीन अँगस्ट्रॉम.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. सारांशात एकुलता आकडा छापू नका. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट दिशेचा, दोन्ही छापा. फूरिये शेल ऑक्युपन्सीचा वक्र द्या, म्हणजे कुठल्या रिझोल्यूशनला किती टक्के दिशा अजून जिवंत आहेत ते दिसेल. या वक्राची गंमत अशी की रूढ एफएससीचा आकडा जिथे पडतो तिथे तो ०.५ च्या आसपास असतो, म्हणजे मिरवलेल्या आकड्याला निम्म्या दिशा आधीच गळालेल्या असतात. नकाशा चांगला असेल तर वक्र कड्यासारखा खाली येतो, वाईट असेल तर लांबलचक उतार. दहापैकी नऊ दिशा जिथवर टिकतात तो आकडा मी रिझोल्यूशन म्हणून मान्य करीन. आणि ज्या जागेबद्दल निबंध दावा करतो, त्या जागेचं चित्र एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी छापा. संपादकांनी यासाठी नवीन समिती नेमायची गरज नाही, सूचनापत्रात दोन ओळी वाढवाव्यात.

'ग्रिड कलती केली की बर्फ जाड होतो, कण जास्त हलतात, फोकस चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जातो,' ही तक्रार मी हजारदा ऐकली आहे. खरी आहे. ४० अंशांवर इलेक्ट्रॉनला तीस टक्के जास्त बर्फातून जावं लागतं. आडव्या दिशेचा आकडा त्याने थोडा घसरेल, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं. डिटर्जंट घालून बघा, ग्राफीन लावून बघा, ग्रिड कमी कलवा, दोन कलांचा डेटा मिसळा. ते न करता सबब कसली सांगता? आपल्याकडे बंगळूरूच्या राष्ट्रीय क्रायो-ईएम केंद्रासारख्या ठिकाणी रांगेत उभं राहून सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळते, ती सगळी सपाट ग्रिडवर उधळायची आणि घरी येऊन आकडा तीनच्या खाली ओढण्यासाठी नकाशाबाहेरचा गोंगाट कापणारा मास्क घट्ट करत बसायचं, यात वेळ वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी निदान ती वेळ पुढच्या माणसाला द्यावी.